मऊ चाकं

पोरगा: “एकदा सपाटून आपटलं की पोरगं आपोआप शाळेत परत जाईल.” हे तुम्ही बोललात, बाबा. इथंच, या स्टुलावर बसून, आत्याला. बोललात की नाही?

बाबा: बोललो असेन. बाप आहे, काहीतरी बोलणारच. तो पाना दे इकडे.

पोरगा: पाना गेला उडत! काल स्केट-हॉकीत सहा गोल खाल्ले मी. सहा! एका खांबाकडून दुसऱ्याकडे जायला पाय रेटला की तो सरळ घसरतोय, साबण लावल्यासारखा. चाकं परवा तुम्ही बदललीत. त्याच्या आधी मी भिंत होतो भिंत.

बाबा: भिंतीला तोंड जरा जास्तच फुटलंय.

आत्या: अरे हळू, बापलेक! मी इथं काउंटरवर माणसांशी बोलतेय. त्यांना कळेना आपण चाकं विकतो की शिव्या.

पोरगा: आत्या, तूच सांग. म्हणाले होते ना तुला?

आत्या: तुमच्या भांडणाचं खापर माझ्या डोक्यावर नको. म्हणाला होता, पण हसत म्हणाला होता.

पोरगा: हसत! आज साडेचारला मागच्या कोर्टवर सर एकच गोलकीपर ठेवणार आहेत, मी नाहीतर तो लंबू. आणि माझ्या पायात रस्त्यावर फिरवायची कडक चाकं. अख्ख्या रिंकला शिकवता ना तुम्ही, डांबराला कडक चाक, प्लॅस्टिकच्या फरशीला मऊ? मग तुमची चूक होईलच कशी? चूक नाहीच ही. मुद्दाम केलंत.

बाबा: बरं.

पोरगा: बरं म्हणजे?

बाबा: बरं म्हणजे हो. मुद्दाम लावली. झालं समाधान?

आत्या: दादा, काय बोलतोयस तू?

बाबा: तू काउंटर बघ.

पोरगा: ऐकलंस? ऐकलंस ना आत्या? शाळेवरून बोला, केसांवरून बोला, मी उठतो कधी त्यावरून बोला. पण चाकांत तुम्ही लबाडी करणार नाही असं वाटायचं मला. एवढं एकच वाटायचं.

बाबा: आण ते स्केट. बदलून देतो.

पोरगा: नको. माझं मी बदलतो.

बाबा: मागच्या वेळी स्क्रू ड्रायव्हर खुपसून बेअरिंगचं झाकण वाकवलंस. आण म्हणतो ना.

पोरगा: मग ती नवी बेअरिंग घाला. निळ्या झाकणाची. एक टिचकी मारली की मिनिटभर फिरतात.

बाबा: मिनिटभर फिरून तू जाणार कुठे? जाळं काय पळून जाणारे तुझं? गोलकीपरला पळायचं नसतं, थांबायचं असतं. ही साधी बरी. दोन्ही बाजूंनी बंद, धूळ शिरत नाही. कानाशी धरून फिरव. काय ऐकू येतं?

पोरगा: काहीच नाही.

बाबा: मग चांगलं आहे. करकर आली की फेकून द्यायचं. एका चाकात दोन, आणि मध्ये ही नळी. नळी घालायची राहिली तर बोल्ट आवळल्यावर चाक जाम होतं.

पोरगा: ठाऊक आहे मला. चाकं कुठली ते सांगा. आणि या वेळी खरं सांगा.

बाबा: ही घे. मऊ आहे.

पोरगा: ही? दगड आहे हा. नख रुतत नाही.

बाबा: मग ही.

पोरगा: चेष्टा लावलीय का? ही तर त्याच्याहून कडक! आता तरी पुरे करा ना, बाबा. कबूल केलंत, मग अजून कशाला...

आत्या: गेलं बाई एकदाचं गिऱ्हाईक. आता काय चाललंय तुमचं... अरे देवा. दादा, रक्त कसलं हे?

बाबा: कुठे?

आत्या: कुठे काय! सगळ्या चाकांना लागलंय. टेबलावर बघ. तुझ्या हातातून गळतंय की!

बाबा: हां. लागलं असेल काहीतरी. झाकणाची कड धारदार असते.

पोरगा: लागलं असेल? मघाशी ते बेअरिंग उचकटलंत तेव्हापासून गळतंय हे. दुखलं नाही?

बाबा: दुखतंय ना.

पोरगा: कुठलं बोट? नाही, खाली बघू नका. डोळे मिटा. डोळे मिटून सांगा, कुठलं बोट दुखतंय?

(बाबा डोळे मिटतात.)

बाबा: करंगळी.

आत्या: अंगठा आहे रे, दादा. अंगठा.

पोरगा: कधीपासून?

बाबा: कापूस आण गं जरा.

पोरगा: बाबा, कधीपासून?

बाबा: आधी पाय बधिर झाले. चप्पल रस्त्यातच निसटायची आणि मी घरी आल्यावर बघायचो, एकच आहे. मग बोटं. चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे होतं.

आत्या: आणि मला तोंडावर सांगत होतास, साखर आटोक्यात आहे!

बाबा: आटोक्यात आहे. बोटं तेवढी परत येतील असं वाटत नाही.

पोरगा: अहो, मग चाकावरचा आकडा वाचायचा ना! छापलेलं असतं कडक का मऊ.

बाबा: या सुट्या मालावर नसतं. आणि असलं तरी दुकानात पडून पडून चाक कडक होत जातं, आकडा आपला तसाच. म्हणून तर सगळ्यांना सांगायचो, छापलेल्यावर जाऊ नका, नखावर जा. आता काय सांगू? नख गेलं?

पोरगा: मघाशी मुद्दाम केलं का म्हणालात मग? मी काय वाट्टेल ते बोललो तुम्हाला.

बाबा: बोललास ते बोललास. खडूस बाप चालतो रे. पोरांना सवय असते. पण ज्याला चाक कळत नाही असा चाकवाला कोणाला चालेल?

आत्या: हात इकडे कर. घट्ट बांधते.

बाबा: पोरा, तू त्या चाकांच्या दोन्ही टोपल्या पालथ्या कर. तुझ्या मापाची चाकं वेगळी काढ. आठ लागतील. अंगठ्याचं नख दाब. असं नाही, आडवं. खूण उमटलीच नाही तर कडक. उमटून हळूहळू बुजली तर ती तुझी.

पोरगा: ही... ही बुजतेय हळूहळू. बघा ना. ही घेऊ?

बाबा: मला काय विचारतोस?

(पोरगा बाबांच्या हाताकडे बघतो.)

आत्या: अरे, असा बघत काय बसलास? चाळत राहा, राजा. तू नख लाव, मी पुसून देते.

पोरगा: आठ निघाली. बरोब्बर आठ. बाकी सगळा दगडांचा ढीग.

बाबा: नवा माल गुरुवारी येईल. आठ पुरेत तुला. बसव आता. पावणेचार होतायत.

पोरगा: बाबा, या आठवड्यात अजून कोणाकोणाची बदललीत?

बाबा: तीनचार मोठ्यांची. ते रस्त्यावरच फिरवतात, त्यांना कडकच लागतात. आणि...

आत्या: औषधवाल्यांची छोटी. सोमवारी तिची आई घेऊन गेली. मीच तिचे स्केट पिशवीत घालून दिले.

पोरगा: ती पण गोलकीपर आहे.

आत्या: अगं बाई. तिचं मनगट मोडलं होतं ना रे?

पोरगा: गेल्या महिन्यात प्लास्टर काढलंय. चारला मॅच आहे तिची, छोट्या मुलींची. फोन लाव ना तिच्या आईला.

आत्या: लावतेय. वाजतोय नुसता. तिथल्या त्या आरडाओरड्यात काय ऐकू जाणार तिला.

पोरगा: परत लाव.

आत्या: परतच लावलाय रे. नाही उचलत.

बाबा: तिला सांग, आज खेळू नको म्हणावं. तू पळत जा आणि सांग. पण आधी तुझी बसवून घे.

पोरगा: त्यांच्याकडे दुसरी गोलकीपर नाहीये. आणि ती ऐकेल होय? मी ऐकलं असतं?

बाबा: मग?

पोरगा: चाकांचं माप माझंच आहे ना तिचं?

बाबा: तेच.

पोरगा: आत्या, ती कापडी पिशवी दे. आणि सोळा बेअरिंग मोजून टाक, नळ्यांसकट. नवी असू देत.

बाबा: साडेचारला तुझी निवड आहे.

पोरगा: माहितीय.

बाबा: लंबूला घेतील.

पोरगा: घेतील. काल सहा खाल्ले, आज बारा खाईन. लंबूची आई पेढे वाटेल, आणखी काय.

आत्या: तुझी चाकं तिला देऊन तू... अरे, वर्षभर घसा कोरडा केलास ना घरात या निवडीसाठी?

पोरगा: आत्या, नको ना. डोकं फिरेल माझं. पिशवी दे.

बाबा: तिच्या आईला काय सांगशील?

पोरगा: माल खराब आला म्हणेन.

बाबा: माल चांगला आहे.

पोरगा: मग मी बसवली म्हणेन. शाळा सोडलेलं कार्टं, दुकानात लुडबुडलं आणि घोळ घातला. कोणालाही लगेच पटेल.

बाबा: नाही. माझं नाव सांगायचं.

पोरगा: आणि उद्यापासून कोण येईल इथे?

बाबा: माझं नाव सांगायचं म्हटलं ना. त्या पोरीचा हात मोडला असता म्हणजे? तेव्हा काय माल खराब म्हणणार होतो मी? आणि तू गं, बाहेर पाटी लाव. दुरुस्ती बंद आहे म्हणून.

आत्या: किती दिवस लिहू?

बाबा: दिवस नको लिहू.

आत्या: दादा...

बाबा: लिही गं. त्या पुठ्ठ्यावर लिही. अक्षर मोठं काढ.

पोरगा: बाबा, मी येतो रात्री. मग बघू आपण. मी नख लावीन, तुम्ही नुसतं...

बाबा: रात्रीचं रात्री. आणि ऐक. नुसती चाकं बदलून येऊ नको. तिचे सगळे बोल्ट बघ, बुटाच्या तळाचेसुद्धा. किती आवळलं ते बोटांनाच कळतं.

पोरगा: बघतो. एकेक बघतो. तो अंगठा दाबून धरा, पट्टी भिजायला लागलीय. मला निघायला हवं आता.