दहा लाख तीनचा शेवटचा भागाकार

सन्माननीय अध्यक्षा यमुताई, मंचावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होत असलेले आपले सुमंतसर, शिक्षक बंधू-भगिनींनो आणि माजी विद्यार्थ्यांनो,

आज ३० एप्रिल. सकाळी कूलरमध्ये पाणी भरलं, वरण-भात केला, जेवलो, सीताबर्डीला मेट्रो बदलून इथे आलो. मला भाषणाची सवय नाही. माझी पत्नी गोपिका याच शाळेत गणित शिकवायची. तिला जाऊन आठ महिने झाले. तिच्या वतीने चार शब्द बोला, असं यमुताई म्हणाल्या.

सरांचे गुण सर्वांनी सांगितलेच. मी एका संख्येबद्दल सांगतो. दहा लाख तीन.

दहा लाख एकला एकशे एकने भाग जातो. दहा लाख दोन तर समच. दहा लाख तीनला मात्र कशानेच भाग जात नाही, हे सरांना आणि गोपिकेला स्वतःच्या हाताने सिद्ध करायचं होतं. त्यासाठी हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. त्या एकशे अडुसष्ट. दोघांनी निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या. दर शनिवारी एकेक भागाकार, वहीत. एकाने करायचा, दुसऱ्याने तपासायचा.

मी तिला एकदा म्हटलं, "मोबाइलवर एका मिनिटात होईल."

ती म्हणाली, "मग तुम्ही सकाळी फिरायले पायी काहून जाता? ऑटोनं जाऊन या ना."

मी पुन्हा विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. सरांना मात्र फोन करून हसत सांगायची, "सर, चारशे नव्व्याण्णवनं भागलं, सातच उरले! थोडक्यात वाचलो!" मी आतल्या खोलीतून ऐकायचो. तीस वर्षांत माझ्या कोणत्या बोलण्यावर ती तशी हसली होती? आठवून पाहिलं. आठवेना.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिचे ओठ हलले. मला काही सांगेल म्हणून मी कान जवळ नेला. म्हणाली, "सरांले सांगजा, नऊशे सत्त्याण्णव राहिला."

मी सांगितलं नाही. तेराव्याला सर घरी आले, हळूच म्हणाले, "रुपरावजी, तिची भागाकारांची वही भेटली का?" मी नाही म्हटलं. सर, वही कपाटात माझ्या स्वेटरखाली होती. आपण आपल्या वाट्याचे चौऱ्याऐंशी करून थांबलात, तिच्या वाट्याला हात लावला नाही. तेही मला खुपलं. खरं सांगतो, नऊशे सत्त्याण्णवने पूर्ण भाग जावा आणि तुम्हा दोघांचं सगळं मोडावं, असंही मला वाटलं.

आज वही आणली आहे. शाल-श्रीफळासोबत ती स्वीकारावी. तिच्या अक्षरातले त्र्याऐंशी भागाकार आहेत. शेवटचं कोरं पान मी काढून घेतलं. ते देणार नाही. तो भागाकार मी करीन. आपण फक्त तपासा.

यमुताईंचे आणि शाळेचे आभार. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन, तर माझ्या वयाकडे पाहून सोडून द्या. जेवायला थांबत नाही. घरी जाऊन पेन्सिलीला टोक करायचं आहे.