पंखा काढलेली खोली

नाही, तुम्हीच सांगा, समुद्रावर एवढं मोठं रिसॉर्ट उभं असताना माणसांनी माझ्याच झोपायच्या खोलीवर डोळा का ठेवावा? तुम्हाला सांगते, मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर वाळूतून एक टोपीवाले आणि त्यांची बायको बॅगा ओढत आले आणि म्हणतात कसे, "रिसॉर्ट सोडलं आम्ही. सगळं कसं गुळगुळीत आहे तिथे. आम्हाला काहीतरी साधं हवंय." मी म्हटलं, पुढे बघा. तेवढ्यात आमचे हे... होड्या दुरुस्त करतात हे... होडीखालून सरपटत बाहेर आले आणि म्हणाले, "आहे ना साधं." आता आमच्याकडे द्यायला खोली कुठली, तर आमचीच. लग्न झाल्यापासून एकेक करून मी त्या खोलीत पंखा आणला, फरशी घातली, कपाट आणलं, आणि ह्यांच्या एका वाक्यात मी स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या पायथ्याशी.

बरं, मिळाली खोली तर गप्प राहावं की नाही? बाई आत आल्या, वर बघितलं आणि चेहराच पडला. "पंखा आहे का इथे..." जशी काही पाल दिसली. ह्यांनी लगेच पंखा उतरवला. त्यांना साधं हवं ना. मग फरशी शहरातल्यासारखी दिसते म्हणून तिच्यावर वाळू. जी वाळू मी दोन वेळा झाडून बाहेर काढते, ती हे घमेल्याने आत आणत होते आणि वर मलाच म्हणतात, "जरा पसरून घे."

टोपीवाले स्वयंपाकघरात डोकावले. "चूल नाही?" झालं, गुडघे धरून बसलेल्या आमच्या सासूबाई ताडकन उठल्या. "मी मांडते की." गॅस आल्यापासून माझ्या जेवणाला नावं ठेवत होत्या, आता त्यांना साक्षीदार मिळाले. "धुराची चव काय छान लागते हो, आजी." "लागते ना, पण आमच्या सुनेला कोण सांगणार?" धूर कोणाच्या डोळ्यांत, तर माझ्या. फुंकणी कोणाच्या हातात, तर माझ्या. का, तर त्यांना साधं हवं.

शेवटी ह्यांना होडीपाशी गाठलं. म्हटलं, "अहो, माझी खोली मला कधी मिळणार?"

"अगं, कौतुक करतायत ते आपल्या घराचं."

"घराचं कुठे? घर काढून टाकल्यावर जे उरलंय, त्याचं करतायत."

ह्यांनी हातातला हातोडा खाली ठेवला. मला वाटलं, लागलं मनाला. तर खालच्या आवाजात म्हणतात, "मिक्सर तेवढा शेजारी ठेवून येतेस का? बाईंना आवाजाचा त्रास होतो." साधं हवं ना त्यांना...

निघताना बाईंनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी. "किती सुखी आहात तुम्ही, तुम्हाला कल्पना नाही." आणि टोपीवाल्यांनी पुढचा सगळा हंगाम मित्रमंडळींसाठी खोली सांगून ठेवली. हे मान डोलावत उभे. मी तशीच चालत रिसॉर्टच्या मागच्या दाराशी गेले आणि तिथल्या आचाऱ्याला विचारलं, काम आहे का.

आता तिथे भांडी घासते मी. सासूबाई म्हणतात, सुनेला घर नकोसं झालं. हे म्हणतात, लोक काय म्हणतील. म्हणू देत. नळाला गरम पाणी येतं हो तिथे... भांडी संपली तरी मी लगेच बंद करत नाही.