गुलाबांचा पहिला तोडा

आमच्या आत्याचं ऐका. बैठकीतल्या कपाटात सजवून ठेवायला मला प्लास्टिकचे ठोकळे जोडून बनवायचा, मोठ्या माणसांसाठीचा सेट घ्यायचा होता. मी डायनासोरचा सांगाडा निवडला.

"घरात हाडं काहून आणून राहिलीस? फुलं घे," आत्या म्हणाली.

कटकट नको म्हणून गुलाबांच्या गुच्छाचा सेट मागवला आणि आठवडाभर बसून जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर कपाटात नुसते देठ, फुलं देवघरात!

"आत्या, तोडलीस काहून?"

"पहिला तोडा देवाचा असतो, बाई."

संध्याकाळी तीच फुलं निर्माल्याच्या पिशवीत सापडली.

"वाहिलेलं फूल परत शोभेला नाही ठेवत," आत्या शांतपणे म्हणाली.

मी तिच्यासमोरच सांगाडा मागवला. म्हटलं, "आता हा वाहून दाखव."