गव्हाणीवरचं जोडपं

ग्लेनिस : ...आणि आता वारा होता म्हणून नेम चुकला, असं सांगू नका. गोठ्याच्या आत वारा कुठून आला, आयव्हर?

आयव्हर : हळू बोल, पोरी. कबूतर बसलंय वर.

ग्लेनिस : बसलंय ते दिसतंय मला. महिनाभर बसलंय. त्याला उठवायलाच येता ना तुम्ही दर शनिवारी, ती एअरगन खांद्याला लावून?

आयव्हर : त्याच्या मागे छताचा पत्रा आहे. छरा हुकला तर भोक पडायचं. मग पाऊस आला की तुझा ह्यू माझ्या नावाने बोटं मोडणार.

ग्लेनिस : माझा नवरा आत्तासुद्धा तुमच्याच नावाने बोटं मोडतोय, तिकडे कुरणात. सोमवारी डेअरीची बाई तपासणीला येतेय, आणि गाई जिथे तोंड घालतात त्या गव्हाणीत कबुतरांची शीट. मागच्या खेपेला तिने पाहिली आणि तोंडावर सांगून गेली, पुन्हा दिसली तर तुमचं दूध उचलणार नाही. मधे उरला फक्त रविवार, आणि रविवारी तुम्ही चॅपलमध्ये प्रार्थनेला.

आयव्हर : मी मारली किती ते पण बघ की. हिवाळ्यात या तुळयांवर कबुतराला पाय ठेवायला जागा नव्हती. आता हे एकच जोडपं उरलंय.

ग्लेनिस : तेच तर म्हणते मी. फेब्रुवारीतही एकच जोडपं उरलं होतं. मग त्यांचा गोतावळा झाला, तुम्ही तो मारलात, आणि परत कोण उरलं? एक जोडपं. आता त्यांची पुन्हा अंडी. याला कबुतरं मारणं म्हणत नाहीत, आयव्हर. याला कबुतरं पाळणं म्हणतात.

आयव्हर : बाहेरूनही येतात ना. त्या वरच्या झरोक्यातून.

ग्लेनिस : झरोक्याला ह्यूने फळी ठोकली होती.

आयव्हर : पडली असेल वादळात. काय वारा होता त्या रात्री. आमच्या चॅपलची कौलं गेली.

ग्लेनिस : आज सकाळी मी शिडी लावून वर चढले.

आयव्हर : तू? त्या शिडीवर? अगं, तिची वरची पायरी...

ग्लेनिस : मोडकी आहे, माहितीये. फळी पडली नाहीये. पेंढ्यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलीये, अगदी जपून. आणि खिळे बिस्किटाच्या डब्यात. एकूण एक खिळा ठोकून सरळ केलेला. आता आमच्या कारमार्थनचं वादळ असेल शिस्तीचं, पण ते वाकडे खिळे सरळ करून डब्यात भरतं, हे काही मी आजवर ऐकलं नव्हतं.

आयव्हर : पाकोळ्यांसाठी काढली. एप्रिल लागला. बिचाऱ्या आफ्रिकेपासून उडत येतात, आणि इथे बघावं तर झरोका बंद.

ग्लेनिस : पाकोळ्या दारातून येतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दारातूनच येतात, माझ्या डोक्याला पंख घासून. पाकोळ्यांना मधे घालू नका, त्या तुमच्या वतीने बोलणार नाहीत.

आयव्हर : खिळे चांगले होते, म्हणून सरळ केले. टाकवत नाहीत मला.

ग्लेनिस : आणि मागच्या शनिवारी? वेल्सची मॅच होती. अख्खं खोरं टीव्हीपुढे. आमचा कुत्रासुद्धा घरात बसला होता. तुम्ही इथे पेंढ्यावर, अंगावर घोंगडी घेऊन. मी ह्यूला म्हटलं, बघ, किती तळमळीने काम करतो बिचारा. बिचारा म्हटलं मी तुम्हाला. मला माझीच लाज वाटली आज त्या शिडीवर.

आयव्हर : चिडू नकोस गं.

ग्लेनिस : चिडू नको तर काय करू, ओवाळू? माझी दोन वासरं या शिटेपायी हगवणीने आजारी पडली. डॉक्टर येऊन गेले. रात्र रात्र मी त्यांच्यापाशी बसले, आणि तुम्ही सकाळी येऊन मला विचारलंत, कशी आहेत वासरं?

आयव्हर : मनापासून विचारलं होतं.

ग्लेनिस : ते कळलं होतं मला. म्हणून तर जास्त संताप होतोय. आता मी जाळीवाल्याला फोन करते. पैसे घेईल, पण दोन दिवसांत झरोका, दार, तुळया सगळं बंद करून देईल.

आयव्हर : जाळी लागली की संपलं मग.

ग्लेनिस : संपावं म्हणूनच लावायची.

आयव्हर : तुझं काम संपेल. माझंही संपेल, असं म्हणतोय मी.

ग्लेनिस : म्हणजे?

आयव्हर : बत्तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला मी. या खोऱ्यात असं एक फाटक नव्हतं, जिथे मला कुणी विचारलं असेल, का आलास म्हणून. पहाटे आत शिरायचो, कुत्री डोळा उघडून परत झोपायची. रिटायर झालो. माणसं तीच, फाटकं तीच. पण जरा थांबलो की विचारतात, काय आयव्हर, काही काम होतं? काही काम नसतं गं. काय सांगणार?

ग्लेनिस : मग ही बंदूक घेतलीत?

आयव्हर : गोठ्यागोठ्यांत जाऊन विचारलं, पक्षी मारून देऊ का? कुणी म्हणे, गाई बुजतात. कुणी म्हणे, आमचा भाचा मारतो. तू एकटीच ‘हो’ म्हणालीस, फाटकाची चावीही दिलीस. पण परवानगी कबुतरं असेपर्यंतच. ती संपली की सलाम करून निघायचं. ज्याचं शेत त्याचा नियम, आणि तो बरोबरच आहे. म्हणून मग मी ती संपू दिली नाहीत.

ग्लेनिस : एवढं सरळ सांगताय जसं काही चहात साखर घातली.

आयव्हर : तू विचारलंस म्हणून सांगितलं.

ग्लेनिस : दया येतेय मला तुमची. आणि मला दया आली की राग दुप्पट होतो, हे ह्यूला विचारा. बरं, तुम्ही टँकरवाले होतात ना? मग मला सांगा, एखाद्या गोठ्याचं दूध बंद झालं की काय होतं तिथे?

आयव्हर : ते कशाला आता?

ग्लेनिस : सांगा. मला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही पाहिलंय.

आयव्हर : ब्रिनटेगच्या गेथिनचं झालं होतं. डेअरीतून सांगावा आला, त्याच्याकडे वळू नकोस. मी त्याच्या फाटकावरून टँकर तसाच पुढे नेला. तो फाटकाशी उभा होता.

ग्लेनिस : काही बोलला?

आयव्हर : हात केला. रोज करायचा तसा. मी पण केला.

ग्लेनिस : आणि दूध?

आयव्हर : गटारात सोडलं. गाईंना काय कळतं, त्या देतच राहतात. दोन्ही वेळा धार काढायची आणि दोन्ही वेळा सोडून द्यायची. थंडी सुरू व्हायच्या आत त्याने गाई विकल्या. पुढे मुलीकडे गेला, स्वान्सीला.

ग्लेनिस : मग सोमवारनंतर मीही फाटकाशी उभी राहू? हात करायला?

आयव्हर : ...सरक जरा. उजेडातून बाजूला हो.

ग्लेनिस : आत्ता?

आयव्हर : आत्ता बसलाय तो नर आहे. दिवसा नर बसतो अंड्यांवर. मादी संध्याकाळकडे येते, चारच्या सुमारास, आधी त्या खांबावर बसते, मान वाकडी करून बघते, मग आत.

ग्लेनिस : त्यांचं वेळापत्रकही पाठ आहे. आणि तो पत्रा? भोक पडणार होतं ना?

आयव्हर : इथे या पेंढीवर गुडघा टेकला की त्याच्या मागे जाड तुळई येते. छरा लाकडातच अडकतो.

ग्लेनिस : म्हणजे हे जमण्यासारखं होतं.

आयव्हर : पहिल्या दिवसापासून.

ग्लेनिस : देवा, या माणसाचं मी काय करू?

आयव्हर : गप्प राहा थोडा वेळ. एवढंच कर.

(एअरगनचा एक दबका आवाज. उन्हं कलल्यावर, तसाच आणखी एक. मग बराच वेळ हातोडीचे ठोके.)

ग्लेनिस : झालं?

आयव्हर : झालं. डोक्यातच लागला दोघांना. कळलंही नसेल.

ग्लेनिस : अंडी मी काढते. तुम्ही नका जाऊ वर.

आयव्हर : काढली मी. फळीही ठोकली. खालच्या अंगाला दोन खिळे जास्त मारलेत. गव्हाण धुवायला हवी पण, कोपऱ्यात सुकलंय ते घासल्याशिवाय निघायचं नाही.

ग्लेनिस : ह्यू पाइप घेऊन येतोय. चिडलाय अजून. तुमच्याशी बोलणार नाही आज, मनावर घेऊ नका.

आयव्हर : त्याचं बरोबर आहे. वासरांचं ऐकून मला... तेव्हा मला कळायला हवं होतं. वासरांपर्यंत जायला नको होतं ते.

ग्लेनिस : नको होतं. ते मी विसरणार नाही, आधीच सांगून ठेवते.

आयव्हर : नकोच विसरू. बरं, निघतो. ही घे.

ग्लेनिस : हे काय?

आयव्हर : तुमच्या फाटकाची चावी.

ग्लेनिस : मी मागितली?

आयव्हर : रीत असते, पोरी. पक्षी संपले की चावी परत.

ग्लेनिस : मघाशी कोण म्हणालं, ज्याचं शेत त्याचा नियम? शेत कुणाचं आहे, आयव्हर?

आयव्हर : तुमचं.

ग्लेनिस : मग खिशात टाका ती. माझे हात शेणाचे आहेत, मला उगाच धरायला लावू नका.

आयव्हर : येऊन करू काय मी इथे?

ग्लेनिस : ते मला काय विचारता? मला धारा काढायच्या आहेत.

आयव्हर : कबुतरं येतील पुन्हा?

ग्लेनिस : फळी नीट ठोकलीत?

आयव्हर : नीट ठोकलीय. खरंच.

ग्लेनिस : मग ती नाही येणार. तुम्ही या.