दिन्याऐवजी माझीच तपासणी

आपल्या कामठ्याच्या दिन्याचं ऐका. वय बत्तीस, लग्न ठरलेलं, आणि मोबाइलवर काहीबाही वाचून याच्या डोक्यात बसलं, की आपल्या लिंगाची पुढची कातडी जास्तच लांब आहे. जेवण सुटलं बिचाऱ्याचं. शेवटी मीच त्याला गोंदियाच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, "कोणाले त्रास आहे?"

दिन्यानं सरळ माझ्याकडे बोट केलं. "याले, साहेब. लग्न आहे याचं. पुढची कातडी लांब आहे म्हणून भेऊन राहिला."

मी तोंड उघडणार, तर दिन्यानं डॉक्टरांची नजर चुकवून मला हात जोडले.

"शरमाओ मत, या," म्हणत डॉक्टर पडद्याआड गेले. काय करता, गेलो.

"कातडी आरामात मागे सरते? दुखत नाही? लघवी साफ होते?"

"हो."

"मग झालं. कोणाचं पूर्ण झाकून राहते, कोणाचं अर्धं उघडं. लांबी मोजाची नसते. बिनधास्त लग्न करा."

बाहेर दिन्या नखं खात बसला होता. "काय म्हणाले बे?"

"माझं एकदम मस्त आहे म्हणे. बिनधास्त लग्न कर म्हणते मले. नवरीचा फोन नंबर दे."

दिन्या ताडकन उठला आणि ओरडतच आत पळाला, "साहेब, नवरदेव मी आहो!"