टिटवाळ्याच्या फायनलची जर्सी

कल्पिता: पण सही घेतली तर काय बिघडलं? दिपेशभाऊ सहा वाजता मैदानावर येतायत सत्काराला. परत कधी गावात येतील, देव जाणे.

नयन: सत्काराला मी येतो, टाळ्यापण वाजवतो. जर्सीवर सही नको.

कल्पिता: अहो, आपल्या कृतिकाला टीममधल्या पोरी फेकू बोलतात. कबड्डीच्या लीगमध्ये खेळणारा दिपेश टिटवाळ्याच्या फायनलला ही जर्सी घालून खेळलेला, हे कोणाला पटतच नाही. सही असली की फ्रेम करून हॉलमध्ये लावू.

नयन: म्हणजे रोज जेवताना मी त्याचं नाव बघू?

कल्पिता: तुम्ही जळता त्यांच्यावर.

नयन: जळतो. तो टीव्हीवर आला की मी चॅनेल बदलतो, ते तुला काय जाहिरातींना कंटाळून वाटलं?

कल्पिता: चौदा वर्षं झाली. एका ताटात जेवलेले तुम्ही दोघं.

नयन: म्हणून तर जास्त जळतं. कोण लांबचा असता तर मीपण शिट्ट्या मारल्या असत्या.

कल्पिता: त्यांनी वाईट काय केलं तुमचं?

नयन: काहीच नाही. शिवी घालायलापण जागा ठेवली नाही त्याने.

कल्पिता: मग त्यांची जर्सी एवढी जपून कशाला ठेवलीत?

नयन: त्याची नाही गं. पाच नंबर माझा होता.

कल्पिता: तुमचा? मग ते घालून कसे खेळले?

नयन: मंडळाकडे जर्सी सातच होत्या. राखीव पोरं बनियनवर बसायची. कोणी बाहेर आला की अंगातली काढून आत जाणाऱ्याला द्यायचा, असंच चालायचं. पहिला हाफ मी खेळलो. नऊ पॉईंट काढले. मग गुडघा गेला. लाईनीबाहेर बसून मी जर्सी काढली, घामाने ओली, मातीने भरलेली, आणि त्याच्या डोक्यातून घातली. मीच. त्याने चार काढले, त्यातले दोन शेवटच्या चढाईला. आपण जिंकलो, आणि निवड समितीला पाच नंबर आवडला.

कल्पिता: हे मला कधी बोलला नाहीत.

नयन: काय बोलू? लोकांना चार आठवतात. त्याने सही केली की माझे नऊपण त्याचेच. आता कसं, त्या जर्सीत त्याचा घाम आहे तसा माझापण आहे. खाली काठाला माझ्या गुडघ्याचं रक्त पुसलेलं आहे. म्हणून तर मी ती कधी पाण्यात घातली नाही. अधूनमधून पिशवी उघडून बघतो. बघितलं की मला पटतं, मीपण खेळलेलो.

(नयन उठून कपाटावर बघतो.)

नयन: पिशवी कुठंय? कपाटावर दिसत नाही.

कल्पिता: जर्सी गॅलरीत आहे.

नयन: गॅलरीत कशाला?

कल्पिता: वाळत घातलीय. कुबट वास येत होता. एवढ्या लोकांत तशी कशी न्यायची? आणि सही नीट उमटायला पाहिजे, म्हणून सकाळीच भिजवली. मला काय माहीत हो.

नयन: डाग गेले?

कल्पिता: ब्रशने घासले. सगळे गेले.

नयन: मग घेऊन जा. करू दे सही, पाहिजे तिथे.