बोटीतील बॅटऱ्यांची जागा

मानापायी माणूस देवाच्या वाटेवरही अडून बसतो, हे पाहिले आहे का तुम्ही?

धरणापलीकडील देवीला जाण्यासाठी आमच्या देवस्थानाने बॅटरीवर चालणारी छोटी मोटारबोट घेतली. जड बॅटऱ्या कोठे बसवायच्या, यावर तीन बैठका झाल्या. मिस्त्री सलीमभाई दर वेळी सांगत, "मधोमध, तळाला बसवा. मागं आधीच मोटारीचं वजन हाय."

अध्यक्ष नाना म्हणत, "मधी माझी खुर्ची राहील. बॅटऱ्या मागं टाक बे."

तिसऱ्या बैठकीत मीही थकून नानांना होकार दिला आणि बॅटऱ्या मागे बसल्या; तोही दोषच.

पहिल्याच फेरीत मागून पाणी आत येऊ लागले. बायकांनी देवीचा धावा मांडला. सलीमभाई ओरडले, "नाना, पुढं टोकाला जा, वजन पायजे!"

पैलतीर येईपर्यंत नाना इस्त्रीच्या धोतरात तेथे उकिडवे बसून लाटांचे पाणी तोंडावर घेत राहिले.